गवन: झाग्रोसच्या काट्यांतला डिंक

इराणच्या पश्चिमेकडील झाग्रोस डोंगररांगांत बर्फ वितळून माळ कोरडे पडू लागले, की खेड्यांतली माणसे कुदळ आणि छोटी धारदार सुरी घेऊन चढणीला लागतात. त्यांना हवे असलेले झुडूप जेमतेम गुडघाभर उंच असते आणि धरायला त्याच्यावर एकही मऊ जागा नसते. वरच्या काटेरी पसाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही. बुंध्याजवळची माती चार बोटे खोल उकरायची, मुळाचा माथा उघडा करायचा, पुसून घ्यायचा आणि त्यावर सुरीने एक चीर द्यायची. सुरी बाहेर निघते न निघते तोच आतून पांढरट, मऊ डिंक सरकू लागतो. सोऱ्यातून शेव पडावी तसा तो भेगेचा आकार घेऊनच बाहेर येतो. वारा लागला की वळतो, मुडपतो आणि शिंगासारखा कडक होतो. लांब चिरेतून चपटी फीत निघते, छोट्या भोकातून गुंडाळलेला दोरा. काही दिवसांनी माणूस परत त्याच झुडपापाशी येतो आणि वाळलेल्या फिती खुडून पिशवीत टाकतो.

हा कतीरा. उन्हाळ्यात सब्जाच्या जोडीने सरबतात आणि फालुद्यात पडणारा गोंद कतीरा तो हाच, असे आपल्याकडचे दुकानदार सांगतात. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे वळण्याआधी या झुडपाची नीट ओळख करून घ्यायला हवी.

फारसीत त्याला गवन म्हणतात, तुर्कीत गेवेन. वनस्पतिशास्त्रात त्याची प्रजाती ॲस्ट्रॅगलस. हरभरा, वाटाणा, मेथी ज्या कुळातली, त्याच कुळातली ही प्रजाती. सपुष्प वनस्पतींमध्ये तिच्याएवढी मोठी दुसरी प्रजाती नाही. तिच्यात तीन हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात आणि त्यांपैकी आठशेहून अधिक एकट्या इराणात सापडतात. बोटभर उंचीच्या वर्षायू रोपट्यांपासून दगडासारख्या घट्ट काटेरी गाद्यांपर्यंत हरतऱ्हेची रूपे या कुटुंबात आहेत. डिंक मात्र सगळ्या देत नाहीत. व्यापाराला पुरेल एवढा आणि त्या प्रतीचा डिंक देणाऱ्या जाती मोजक्याच. इराणातल्या उत्तम फितींचा मान ॲस्ट्रॅगलस गॉसिपिनसकडे जातो. ॲस्ट्रॅगलस मायक्रोसेफॅलस इराण आणि तुर्कस्तान दोन्हीकडे आहे. जुन्या औषधी ग्रंथांत ज्याचे नाव सर्वाधिक येते तो ॲस्ट्रॅगलस गमिफर तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन आणि इराकच्या डोंगरांवरचा.

कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. गवनची वस्ती साधारण त्याच्या आसपास सुरू होते आणि तीन हजार मीटरपर्यंत चढत जाते. इस्फहान, फार्स, चहारमहाल व बख्तियारी, लोरिस्तान, कुर्दिस्तान या प्रांतांतले उतार तिने व्यापलेले आहेत. पाऊस थोडा, त्यातलाही बराचसा हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने येणारा. उन्हाळे पूर्ण कोरडे, जमीन चुनखडीची, खडकाळ, पाणी न धरणारी. जिथे झाड उभे राहू शकत नाही आणि गवत फार काळ हिरवे राहत नाही, त्या पट्ट्यात हे झुडूप निवांत पसरते.

त्याचे काटे हा त्याच्या रचनेतला सर्वांत चतुर भाग म्हणावा लागेल. पाने चिंचेसारखी संयुक्त, म्हणजे मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना बारीक पर्णिका. उन्हाळा तापला की पर्णिका गळून पडतात, पण मधला देठ गळत नाही. तो वाळून टणक होतो, त्याचे टोक सुईसारखे तीक्ष्ण होते आणि तो फांदीवर वर्षानुवर्षे तसाच राहतो. पाण्याचा खर्च वाचवण्यासाठी पाने टाकायची आणि टाकलेल्या पानांच्याच सांगाड्यातून कुंपण उभे करायचे, असा हा दुहेरी हिशेब. काट्यांची दाटी इतकी असते, की दुरून झुडूप गोल गादीसारखे दिसते. वारा त्या गोलाव्यावरून घसरून जातो. आत थोडा ओलावा टिकतो, वाऱ्याने आलेली माती आणि बर्फ अडकून राहतात. शेळीचे तोंड पोचत नाही अशा त्या आडोशाला दुसऱ्या गवतांच्या आणि फुलझाडांच्या बिया रुजतात. शेंगावर्गीय कुळातले झुडूप असल्याने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. खाली मूळ खोल, सरळ आणि जाड असते. तीव्र उतारावरची माती तेच धरून ठेवते. एखाद्या उतारावरून गवन उपटून काढली, तर पुढच्या दोन-चार हिवाळ्यांत तो उतार खाली ओघळतो. झाग्रोसच्या पायथ्याच्या गावांना हे अनुभवाने माहीत आहे.

आता त्या मुळाच्या आत पाहू. बाभळीला जखम केली, तर झाड त्या जखमेला उत्तर म्हणून हळूहळू डिंक तयार करते. तो गोळा व्हायला आठवडे लागतात. गवनची गोष्ट वेगळी. तिच्या मुळाच्या आणि खोडाच्या गाभ्यातल्या, तसेच गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरणांतल्या पेशींच्या भिंती हळूहळू डिंकात रूपांतरित होतात. हा डिंक पाणी शोषून फुगतो आणि आजूबाजूच्या घट्ट लाकडात त्याला पसरायला जागा नसल्याने तिथे दाब साठतो. म्हणजे चीर पडण्याआधीच माल तयार असतो, दाराशी येऊन थांबलेला. सुरी फक्त दार उघडते. काही भागांत चिरेत लाकडी पाचर ठोकून ती रात्रभर तशीच ठेवण्याची रीत होती, म्हणजे भेग रुंद होते आणि डिंक मोकळेपणाने बाहेर पडतो.

पहिल्या चिरेतल्या स्वच्छ, पातळ, जवळजवळ पारदर्शक फिती सर्वांत महाग. नंतरच्या चिरांचा माल जाड, पिवळसर, तपकिरी होत जातो. व्यापारात फिती आणि पापुद्रे असे दोन मोठे वर्ग आणि त्यांच्या आत प्रतवारी असते. पापुद्र्यांसाठी काही ठिकाणी एक क्रूर उपाय वापरला गेला: झुडपाचा वरचा भाग जाळून टाकायचा. त्याने डिंक भराभर येतो, पण हलक्या प्रतीचा, आणि सगळ्या जातींना हा मार सोसत नाही. बरीच झुडपे त्या हंगामानंतर उठतच नाहीत. एका हंगामाच्या नफ्यासाठी दहा वर्षांचे भांडवल जाळण्याचा हा व्यवहार इराणच्या जंगलखात्याला अनेक दशके डोकेदुखी ठरला आहे.

माणसाची आणि या डिंकाची ओळख फार जुनी. ख्रिस्तपूर्व ३०० च्या आसपास ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने वनस्पतींवरच्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला. पूर्वी हे झुडूप फक्त क्रीट बेटावर होते असे मानत, पण आता ते पेलोपोनीसमध्ये आणि पूर्वेकडे मीडियातही आढळते, अशी त्याची नोंद आहे. मीडिया म्हणजे आजचा पश्चिम इराण, गवनचे माहेरघर. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात जोसेफला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा उंटांवर जो सुगंधी माल मिसरला नेत होता, त्यातला एक पदार्थ हाच डिंक असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

इस्तंबूलच्या कारागिरांनी या डिंकाचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. पसरट तबकात कतीऱ्याचे दाट पाणी ओततात. त्यावर बैलाचे पित्त मिसळलेले रंग शिंपडले, की ते बुडत नाहीत आणि एकमेकांत मिसळतही नाहीत, तरंगत पसरतात. सुईने आणि फणीने त्यांना लाटांचे, फुलांचे आकार द्यायचे आणि वरून कागद अलगद टेकवायचा. तबकातले चित्र जसेच्या तसे कागदावर येते आणि तेच पुन्हा कधीच काढता येत नाही. या एब्रू कलेला युनेस्कोने २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. संगमरवरी नक्षीच्या कागदाची ही कला सतराव्या शतकात दख्खनलाही पोहोचली होती. विजापूरच्या आदिलशाहीतल्या चित्रकारांनी तिच्यातून घोडे, हत्ती आणि फकीर साकारले आणि त्यांतली काही चित्रे आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

कापडछपाईत रंग पसरू नये म्हणून खळीत कतीरा घालत. रेशीम आणि सुती छिटांच्या छपाईचे कारखाने युरोपात वाढले, तसा त्याचा खप वाढला. सिगार वळणारे कारागीर शेवटचे पान चिकटवायला याचाच लगदा वापरतात, कारण त्याला चव नाही आणि वासही नाही. औषधी गोळ्या बांधायला, खोकल्याच्या चघळायच्या वड्यांना, न विरघळणारी पूड द्रवात तरंगत ठेवायला औषधनिर्माते त्याच्यावर विसंबून असत. केकवर साखरेची फुले करणाऱ्यांच्या पिठात आणि चामड्याच्या कडा घोटणाऱ्यांच्या वाटीत आजही तो सापडतो.

मुंबईचा या कहाणीशी संबंध जरा बाजूच्या वाटेने येतो. एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातून औषधी माल मुंबईच्या बंदरात उतरत असे आणि इथला औषधी बाजार हा आशियातल्या मोठ्या बाजारांपैकी एक होता. मुंबईत काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी त्या बाजारातल्या एकेका वस्तूचा माग काढला. १८९० ते १८९३ या काळात वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ आजही चाळावा असा आहे. इराणातून येणारा अंजरूत नावाचा कडवट-गोड, दाणेदार डिंक कोणत्या झुडपाचा, हे कोडे त्यांना पडले. मालात मिसळून आलेल्या फुला-शेंगांच्या तुकड्यांवरून त्यांनी ते गवनच्याच कुटुंबातले ठरवले. ॲस्ट्रॅगलस सारकोकोला या नावापुढे म्हणूनच डायमॉक यांचे नाव लागते. मुंबईतले पारशी हाडवैद्य मोडलेल्या हाडावरच्या लेपात हा डिंक वापरत, हीदेखील त्यांचीच नोंद. न पाहिलेल्या देशातल्या झुडपाची ओळख बंदरात उतरलेल्या गोणीतल्या कचऱ्यावरून पटवणे, हे शास्त्रज्ञाच्या चिकाटीचे उत्तम उदाहरण आहे.

कतीऱ्याची ताकद त्याच्या दुहेरी घडणीत आहे. त्यातला एक भाग पाण्यात विरघळतो. दुसरा, साधारण ६० ते ७० टक्के, विरघळत नाही. तो पाणी पिऊन जेलीसारखा फुगतो. याला बॅसोरिन म्हणतात. दोघे मिळून शंभर भाग पाण्यात एक भाग डिंक एवढ्या अल्प प्रमाणातही द्रव दाट करतात. नैसर्गिक डिंकांत या बाबतीत त्याच्याशी टक्कर देणारे फार थोडे. शिवाय आंबट द्रवात बहुतेक डिंक ढेपाळतात, कतीरा टिकून राहतो. म्हणून व्हिनेगरच्या सॅलड ड्रेसिंगमध्ये, आंबट सॉसमध्ये तेल आणि पाणी वेगळे होऊ न देण्याचे काम त्याच्याकडे आले. युरोपात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचा क्रमांक ई ४१३.

मग हा डिंक बाजारातून मागे का पडला? त्याला एक कारण कोबीच्या शेतात आहे. कोबीवर घाण्या रोग आणणारा जिवाणू साखरेच्या द्रावणात वाढवला, तर तो एक चिकट पदार्थ स्रवतो. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९६९ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तो खाण्यासाठी मान्य केला. हाच झॅन्थन गम. तोही आम्लात टिकतो, तोही थोडक्यात खूप दाट करतो आणि त्यासाठी कुणाला डोंगर चढावा लागत नाही. टाकीत हवा तेवढा पिकवता येतो. पुढच्या दहा वर्षांत इतिहासाने त्याला आणखी मदत केली. १९७९ ची इराणी क्रांती, लगोलग १९८० पासून आठ वर्षे चाललेले इराण-इराक युद्ध, यामुळे कतीऱ्याचा पुरवठा बेभरवशाचा आणि दर चढे झाले. सॉस बनवणाऱ्या कंपन्यांनी पाककृती बदलल्या आणि एकदा बदललेली पाककृती सहसा परत फिरत नाही. जमिनीलगत सुकणाऱ्या डिंकात जंतू जास्त असतात, हीही अडचण होती. ते मारायला पूर्वी इथिलीन ऑक्साइडची धुरी देत. युरोपने खाद्यपदार्थांवर तिला बंदी घातली. २०२० साली भारतीय तिळाच्या मालात हेच रसायन सापडल्याने युरोपात किती गहजब झाला होता, हे वाचकांना आठवत असेल.

मागणी घटली म्हणून गवन सुखात राहिली असेल, असे वाटणे साहजिक आहे. झाले उलटेच. डिंकातून पैसा मिळत होता तेव्हा उतारावरच्या झुडपाला गावात किंमत होती आणि जाळपोळ करणाऱ्याला जाब विचारला जात होता. पैसा आटला तेव्हा तेच झुडूप सरपण झाले. मुळासकट उपटायचे, काटे जाळून जनावरांना हिवाळी चारा म्हणून घालायचे, उरलेल्या उतारावर नांगर फिरवून कोरडवाहू गहू पेरायचा. गहू दोन-तीन वर्षे बरा येतो, मग माती उरत नाही. त्यात मेंढ्या-शेळ्यांचे वाढलेले कळप कोवळी रोपे वर येऊ देत नाहीत. जुन्या झुडपाला काटे राखतात, पहिल्या वर्षाच्या रोपाकडे ते नसतात. अनेक उतारांवर म्हाताऱ्या गवनच्या खाली नवी पिढी दिसत नाही, ती त्यामुळे.

मधमाशीपालकांनी मात्र तिला सोडलेले नाही. फुलोऱ्याच्या काळात पोळ्यांच्या पेट्या ट्रकमध्ये भरून डोंगरात नेतात; गवनचा मध इराणात नाव घेऊन विकला जातो. आणखी एक गोड उत्पन्न त्याहून चमत्कारिक आहे. इस्फहान प्रांतातल्या खानसार भागात ॲस्ट्रॅगलस ॲडसेन्डेन्स या भाऊबंदावर एका इवल्या रसशोषक किडीची पिल्ले बसतात. फांदीतला रस पिऊन ती पांढरा, गोड, चिकट पदार्थ बाहेर टाकतात. लोक चामड्याचा पसरट पाळणा झुडपाखाली धरून फांदीवर काठीने हलके टोले देतात आणि जे पडते ते गोळा करतात. अंड्यातला पांढरा बलक, पिस्ते आणि हा पदार्थ घोटून इस्फहानची प्रसिद्ध गझ मिठाई बनते. आजच्या दुकानी गझमध्ये साखर आणि ग्लुकोजच जास्त, किडीचे देणे नावापुरते. अस्सल गझ चाखायची तर खिसा सैल सोडावा लागतो.

या कुटुंबातले सगळेच नातेवाईक एवढे सालस नाहीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत काही जाती खाल्लेले घोडे आणि गुरे झोकांड्या खातात, बावचळतात, शेवटी मरतात. त्या विषाला स्वेन्सोनीन म्हणतात आणि ते झुडपाचे स्वतःचे नसते. त्याच्या पेशींत राहणारी एक बुरशी ते बनवते. दुसऱ्या काही जाती जमिनीतले सेलेनियम एवढे साठवतात, की त्या जिथे उगवतात तिथे खाली सेलेनियम असणारच असे धरून चालता येते. यूटा आणि कोलोरॅडोच्या पठारांवर युरेनियमच्या धातुकाबरोबर सेलेनियम सापडते. ते हेरून अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या हेलन कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला या झुडपांच्या वस्तीवरून युरेनियमचा शोध घेण्याची रीत घालून दिली. चीनमध्ये याच प्रजातीचे एक मूळ ह्वांग छी या नावाने शेकडो वर्षे औषधात आहे आणि त्याची रीतसर शेती होते. जपानमध्ये भातखाचरांत हिरवळीचे खत म्हणून तिची गुलाबी फुलांची जात पेरत, जसा आपल्याकडे ताग पेरतात.

मग डिंक देणाऱ्या गवनचीच शेती का रुळली नाही? तिचे बी टणक सालीचे असते. तसेच पेरले तर पाणी आत शिरतच नाही. रोपवाटिकेत ते काचकागदावर घासतात किंवा तीव्र गंधकाम्लात थोडा वेळ बुडवून भरपूर पाण्याने धुतात. त्यानंतर ओलसर वाळूत काही आठवडे थंडीत, तीन ते पाच अंश सेल्सियसला ठेवावे लागते, म्हणजे बियाला हिवाळा सरला असे वाटते. निसर्गात हेच काम खडीचे घर्षण आणि बर्फ करतात, त्यामुळे थेट डोंगरावर पेरायचे तर पावसाळी शरदात, बर्फ पडण्याआधी पेरणे सोपे. रोप उगवले तरी घाई चालत नाही. वर दोन पाने दिसतात तेव्हा खाली मूळ वीतभर गेलेले असते. म्हणून साध्या पिशवीत वाढवलेले रोप लावणीत दगावते. उंच, बुडाशी उघडणाऱ्या नळीतले जगते. पाणी घालण्याचा मोह आवरावा लागतो. निचरा नसलेल्या जमिनीत मूळ कुजते. चीर सोसेल एवढे मूळ जाड व्हायला अनेक वर्षे जातात आणि तोपर्यंत कुंपण घालून शेळ्या दूर ठेवाव्या लागतात.

आणि इतके करून शेतकऱ्याच्या हाती काय लागते? एका झुडपापासून हंगामात मूठभरसुद्धा नाही, थोड्याशा फिती. चिरा देणे, फिती खुडणे, प्रतवारी, सगळे हातानेच. या हिशेबात गवनला नगदी पीक करणे शक्य नाही, आणि तसा अट्टहास करण्यात शहाणपणही नाही. उजाड उतारांवर ती परत लावणे मात्र सर्वार्थाने फायद्याचे आहे. माती थांबते, मध मिळतो, आणि डिंक हे वरचे उत्पन्न. त्यासाठी जुन्या जाणत्यांच्या नियमांपलीकडे नवे काही लागत नाही: कोवळ्या झुडपाला हात लावायचा नाही, एका मुळावर मोजक्याच चिरा, जाळायचे अजिबात नाही, डिंक काढून झाला की उघडी मुळे परत मातीने झाकायची आणि चिरलेल्या झुडपाला पुढे विश्रांती द्यायची.

सह्याद्रीच्या पावसात गवन एक पावसाळाही काढणार नाही, त्यामुळे हौसेने बी मागवण्यात अर्थ नाही. आपल्या जंगलांत तिची जागा घेणारी दोन झाडे मात्र आहेत. एक गणेर, म्हणजे सोनसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर तळहाताएवढी पिवळीधमक फुले मिरवणारी. दुसरे कांडोळ किंवा पांढरुख, सातपुडा आणि विदर्भाच्या खडकाळ टेकड्यांवर चांदण्यात चमकणाऱ्या पांढऱ्या सालीचे. या दोघांचे डिंक पाण्यात फुगतात आणि भारतीय बाजारात ‘गोंद कतीरा’ म्हणून जे खडे विकले जातात, ते बहुतेकदा यांचेच असतात. कांडोळाच्या डिंकाचे व्यापारी नाव कराया. इराणी मालाला स्वस्त पर्याय म्हणूनच तो विसाव्या शतकात जगभर गेला, आणि त्या हव्यासापायी कुऱ्हाडीने घातलेल्या खोल घावांनी कांडोळाची झाडे मोठ्या संख्येने वाळली. आंध्र प्रदेशात गिरिजन सहकारी महामंडळ आणि कोवेल फाउंडेशन यांनी डिंक गोळा करणाऱ्या आदिवासींना लहान, उथळ, भरून येणाऱ्या जखमा करण्याचे प्रशिक्षण दिले, तेव्हा कुठे झाडेही राहू लागली आणि मालाची प्रतही सुधारली.

खाण्याच्या दृष्टीने कराया वाईट नाही. तक्रार आहे ती एकाच्या दरात दुसरे विकण्याची. फरक ओळखणे फारसे अवघड नाही. इराणी कतीरा चपट्या, वळलेल्या, बारीक रेषा असलेल्या फितींत किंवा पापुद्र्यांत येतो आणि त्याला वास नसतो. कराया ओबडधोबड खड्यांत येतो आणि डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास मारतो. प्रयोगशाळेत कतीऱ्याच्या पातळ द्रावणात आयोडीनचा थेंब टाकला, तर त्यातल्या स्टार्चच्या तुरळक कणांचे निळे ठिपके दिसतात. बंद पाकिटावर क्रमांक पाहावा: ४१३ म्हणजे गवनचा, ४१६ म्हणजे कराया. डिंकाच्या लाडवांसाठी मात्र दोन्ही निरुपयोगी. तुपात टाकल्यावर लाहीसारखा फुलतो तो धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक. कतीरा तुपात तसाच कडक राहतो, त्याला पाणीच लागते.

उन्हाळ्यात कतीऱ्याने पोटात थंड वाटते, यामागे त्याने धरून ठेवलेले पाणी आहे; त्यापलीकडचे शक्तिवर्धनाचे दावे पाकिटावर छापायला सोपे असतात. तो विरघळणारा तंतू आहे, मलावरोधात उपयोगी पडतो आणि पोट भरल्यासारखे वाटते, एवढे खात्रीचे. पाव चमचा चुरा मोठ्या भांडेभर पाण्यात रात्रभर भिजत घालावा, सकाळी पूर्ण फुगलेला पाहूनच सरबतात घ्यावा आणि वरून पाणी भरपूर प्यावे. नियमित औषधे घेणाऱ्यांनी त्याच वेळी कतीरा घेऊ नये, कारण औषध शोषले जाण्यात तो अडथळा आणू शकतो. कोरडा खडा लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये आणि कुणीही तोंडात टाकू नये. घशात फुगला तर गुदमरायला होते.